बँकॉकच्या पलीकडचे खारे रान

बँकॉक पाहून आलेली माणसे आता गल्लोगल्ली सापडतात. त्याच्या पलीकडचा समुत सोंगखराम प्रांत पाहिलेला मनुष्य दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत माझ्याखेरीज अजून मला भेटलेला नाही. तशी आमच्या मंडळातली आणखी चार माणसे तिथे आली होती; पण त्यांनी तो प्रांत पाहिला असे म्हणणे धाडसाचे होईल. ती तिथे दिसली, एवढेच.

साठ सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. समुद्राकाठची खारी जमीन कशी कसतात हे पाहण्यासाठी आमच्या भागातून पाच जणांचे अभ्यासमंडळ निघाले. समुद्र आमच्यापासून बराच लांब. पण कालव्याच्या पाण्याने दौंड तालुक्यात रानेच्या राने चोपण झाली होती. पाणी खालून वर यायचे, वाळायचे आणि मागे मिठाची पांढरी साय ठेवून जायचे. मंडळाचे अध्यक्ष केडगावकडचे मोठे बागायतदार. ऊस, समित्या आणि हार या तिन्हींचे त्यांचे पीक कधी बुडाले नव्हते. मी शिरूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो, आणि केडगावला मिशनच्या आवारात वाढलो होतो. 'ख्रिश्चन हाय, काट्याचमच्याला भिणार न्हाई,' अशी अध्यक्षांनी माझी शिफारस केल्याचे मागाहून कळले. शेतीतले मला काय कळते हे कोणी विचारले नाही. बाकीच्यांनाही विचारले नव्हते.

निघण्याच्या आदल्या दिवशी केडगावला आमचे शेजारी आप्पा घरी आले. त्यांचे आठ एकर रान कालव्याखाली होते. त्यातल्या दीड एकरात अजून जेमतेम ज्वारी यायची, बाकी सगळे पांढरे. बसा म्हटले तरी ते बसले नाहीत.

"मास्तर, तिकडं समुद्राच्या अंगाला बी मळं हायेत म्हणं."

"असं म्हणतात."

"म्हणत्यात नगं. बघून या. माझ्या रानात कुसळ उगवंना, आन् त्यांचं कसं उगवतं एवढं इचारून या. देवळं-बिवळं दुसऱ्यांनी बघावी."

बँकॉकमध्ये आमचे पाच दिवस भाषणे आणि जेवणे यांत गेले. अभ्यासाचा अहवाल अध्यक्षांनी पुण्याहून टाइप करूनच आणला होता. त्यात प्रांताचे नाव तेवढे भरायचे राहिले होते. ते भरता यावे म्हणून सहाव्या दिवशी आम्ही निघालो.

आगगाडी लहान होती. दोनएक तास समुद्राच्या बाजूने चालून ती एका नदीपाशी संपली. उतरायचे, होडीतून पलीकडे जायचे आणि तिथे दुसऱ्या गाडीत बसायचे. "यांना पूल बांधायला जमला न्हाई व्हय? इचारा जरा, मास्तर," अध्यक्ष म्हणाले. सोबतच्या सरकारी अधिकाऱ्याला मी नदीचे नाव विचारले आणि तेच उत्तर म्हणून अध्यक्षांना सांगितले. त्यांचे समाधान झाले.

पलीकडे दोन्ही बाजूंना मिठागरे होती. लाकडी पवनचक्क्या समुद्राचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात चढवत होत्या. ओहोटीच्या चिखलावर बायका एक गुडघा फळीवर टेकून, दुसऱ्या पायाने रेटा देत सरकत होत्या आणि शिंपले वेचत होत्या. चिखलाचा वास कपड्यांत शिरला तो मुंबईपर्यंत निघाला नाही. डास दिवसाढवळ्या चावत. देशातली सगळी माणसे हसतमुख असल्याचे बँकॉकच्या माहितीपत्रकात छापले होते; या प्रांतात ते कोणी वाचलेले दिसले नाही. आमच्याकडे लोक असे बघत होते, की आपण कुणाच्या तरी माजघरात पायताणासकट उभे आहोत असे वाटावे.

होडीने आम्हाला एका वाडीवर नेले. मालकीण साठीची, विधवा, हातात कोयता. लांबलचक उंच वाफे आणि मधोमध पाण्याचे खोल चर. वाफ्यांवर नारळ आणि पपनस. नारळाच्या फुलोऱ्यातून उतरवलेला रस एका झापाखाली कढत होता, अगदी आपल्या गुऱ्हाळासारखा. अध्यक्षांनी न विचारता त्यात बोट घातले. बोट भाजले, याचा मला आनंद झाला हे कबूल करतो.

चरांमध्ये पाणी घेण्यासाठी बांधात नारळाचे पोकळ खोड पुरले होते आणि त्याला लाकडी बूच. बाईने सांगितले ते अधिकाऱ्याने इंग्रजीत केले आणि मी वहीत उतरवले. पावसाळ्यात नदी गोडी असते, तेव्हा भरतीला बूच काढायचे. ओहोटीला आतले खारावलेले पाणी बाहेर जाऊ द्यायचे. उन्हाळ्यात नदीतून समुद्रच वर येतो, तेव्हा बुचाला हात लावायचा नाही. मग तिने मला उलट विचारले, "पाणी काय, कुणीही आत घेतो. तुमच्याकडे ते बाहेर कुठून जातं?"

तो प्रश्नही मी वहीत उतरवला. बाकीच्यांना प्रश्न पोहोचलाच नाही, कारण ते अध्यक्षांचा फोटो काढत होते.

आमच्याकडे पाण्याचे दार दिसले की पुढाऱ्याचे हात शिवशिवतात. कालव्याची मोरी असो की चारीचे फाटक, ते उघडायचे, पाणी धावायचे, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. दार बंद ठेवल्याबद्दल आजवर कुणाचा सत्कार झालेला नाही. अध्यक्षांनी टोपी नीट केली, खाली वाकले आणि बूच उपटले. दिवस उन्हाळ्याचे होते आणि भरती लागली होती. पाणी मोठ्या आवाजाने आत घुसले. फोटो चांगला आला.

बाई ओरडली. कंबरेपर्यंत पाण्यात उतरून तिने बूच पुन्हा ठोकले, फटीत चिखल लिंपला आणि तिथूनच बोलत राहिली. अधिकारी इंग्रजी करायचे सोडून होडीवाल्याला हाका मारू लागला.

"काय म्हणती बाई?" अध्यक्षांनी मला विचारले.

"तिच्या गोड्या पाण्यात तुम्ही समुद्र सोडलात."

"मंग आधी सांगाया नगं?"

आम्ही होडीत बसेपर्यंत ती बांधावर उभी होती. कोयता तिने खाली ठेवला नव्हता.

परतल्यावर पहिला सत्कार शिरूरला झाला. तो फोटो मोठा करून व्यासपीठाच्या मागे टांगला होता. खाली लिहिले होते, 'परदेशी शेतकऱ्यांसाठी पाणी सोडताना'. अध्यक्षांनी जाहीर केले की चोपण रानात प्रत्येकाने असे चर खणावेत, कालव्याच्या पाण्याने भरावेत, तीन वर्षांत नारळ लागतील. सत्काराचा एक नियम आहे. शाल अंगावर पडल्यावर माणसाने आभार मानायचे, माहिती द्यायची नाही. मी आभार मानले.

पुढच्या रविवारी केडगावला गेलो तर आप्पांनी सगळ्या आठ एकरांवर चुन्याच्या रेघा मारलेल्या. ज्वारीच्या दीड एकरावरसुद्धा.

"उद्या कुदळ मारायची," ते म्हणाले.

"आप्पा, नका खणू. पाण्याला बाहेर जायला वाट नाही. चरात कालवा सोडलात तर उरलेलं दीड एकरही जाईल."

"शिरूरला तर गप बसला व्हता म्हणं."

"चुकलो."

"मंग चव्हाट्यावर चुकला, ते चव्हाट्यावर सांगा. माझ्या कानात कशाला?"

चार दिवस त्यांनी कुदळ थांबवली, कारण चौथ्या दिवशी दौंडला दुसरा सत्कार होता. तिथे शाल घेऊन मी बोललो. वाडीवर बुचाचे काय झाले, उन्हाळ्यात त्या नदीत कोणते पाणी असते आणि त्या बाईने मला काय विचारले, एवढेच सांगितले. पाच मिनिटे लागली असतील. तिसऱ्या मिनिटापासून लोक ओरडू लागले.

"खाली बसा, मास्तर!"

"इमानात बसवून नेलं, त्याचे पांग फेडतोय!"

"पाद्र्याला रानातलं काय कळतंय?"

मग मागच्या रांगेतून आप्पा उठले. ते उठले म्हणून लोक गप्प झाले. त्यांचे रान सगळ्यांना माहीत होते.

"पानी भाईर काढायचं तर माझ्या रानाखाली वढा हाय," ते म्हणाले. "मधी साहेबांचा ऊस. चर त्याच्यातनं गेला तर पानी वढ्याला लागंल. साहेब, देता का वाट?"

शाल पांघरलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. "का न्हाई, आप्पा? उद्याच!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या.

तो उद्या उगवला नाही. आधी मोजणी व्हायची होती, मग समितीचा ठराव, मग ऊस तुटायचा होता. शाळेत मुख्याध्यापकांनी मला बोलावून, शिक्षकाने व्यासपीठावर विषय सोडून बोलू नये असे समजावले. केडगावात जुनी ओळखीची माणसे मला पाहून रस्ता ओलांडू लागली. आप्पांनी ज्वारीचे दीड एकर तसेच ठेवले आणि पांढऱ्या रानातून एकच खोल चर अध्यक्षांच्या बांधापर्यंत आणला. तिथे कुदळ ठेवली आणि वाट बघत बसले.

चर पाझराने भरला. पाण्याला ठरावाची गरज नसते. ते बांधाखालून मुरत पुढे गेले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात अध्यक्षांचा दोन एकर ऊस पिवळा पडला. अध्यक्ष माझ्या दारात आले. आत आले नाहीत.

"हे तुम्ही शिकवलं त्याला."

"मला शेतीतलं कळत नाही," मी म्हणालो. "तुमच्याच माणसांनी सांगितलंय."

आठ दिवसांत त्यांच्या गड्यांनी उसातून ओढ्यापर्यंत चर काढला. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मीही तक्रार केली नाही.

चर ओढ्याला लागला त्याच्या तिसऱ्या वर्षी आप्पांनी मला रानात बोलावले. साडेसहा पांढऱ्या एकरांपैकी साडेतीनांत गहू उभा होता. आप्पांनी मला आधी उरलेल्या तिनांकडे नेले, पायाने तिथला पांढरा पापुद्रा उकरला आणि म्हणाले, "ह्याचं काय, मास्तर?"