हात लावून बघ

“हात लावून बघ नी! गरम हाय का नाय?”

नाशिकरोडच्या त्या बेकरीत पाव मागितला की आधी हे वाक्य मिळायचं, मग पाव. लाकडी फळीवर उघडे पाव, आणि फळीमागे बाह्या कोपरापर्यंत दुमडून उभे असलेले ऐंशीच्या घरातले म्हातारे इराणी गृहस्थ. सगळे त्यांना बावाजी म्हणत. गिऱ्हाइकानं स्वतः पाव उचलून दाबून बघितल्याशिवाय ते कागदात बांधायचेच नाहीत. नुसतं “चार द्या” म्हणणाऱ्यावर ते डाफरायचे.

एकदा एका टापटीप साहेबांनी चिमटा मागितला. “चिमटा? पाव काय विंचू हाय? चावते तुला?” साहेब लाल झाले, पण पाव हातानंच उचलून घेऊन गेले. करोनाच्या काळात बावाजींनी दारातच पाण्याचं पिंप आणि साबण ठेवला होता. “धू हात. धुतला? आता लाव.”

विक्षिप्त म्हातारा, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. सातपूरच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटली की मी घरी जाताना तिथे थांबायचो. एका दुपारी दुकान रिकामं होतं, तेव्हा विचारलंच.

“माझा आजा यझ्दचा,” ते म्हणाले. “इराण. तिथं शहाचं, मुसलमानांचं राज्य. आम्ही आतशला मानणारे, अग्नीला. म्हणून नापाक. बाजारात पावाला, फळाला हात लावायचा नाय. लावला तर सगळा माल बाटला. लांबून काठीनं दाखवायचं, तो एक दे. पाऊस पडला की घराबाहेर यायचं नाय, ओल्या अंगाचा विटाळ लागतो. गाढवावर बसलेला असला नी समोरून त्यांचा माणूस आला, तर खाली उतरायचं. एवढं मोठं राज्य डिकरा, नी त्याला माझ्या आजाच्या बोटाची भीती!”

माझी आजी सिन्नरकडच्या खेड्यात विहिरीपासून लांब कळशी घेऊन उभी राहायची. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. हे मी बावाजींना सांगितलं. ते हळहळले वगैरे नाहीत. एक कडक ब्रून पाव पुढे सरकवून म्हणाले, “हात लाव.” त्या दिवसापासून ते वाक्य मला विक्षिप्त वाटलं नाही.

मग त्यांनी गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. त्याच बाजारात एक मुसलमान भटियारा, पाव भाजणारा, होता. तो मागच्या दारानं आजाच्या हातावर गरम पाव ठेवायचा, आणि भट्टीचं कामही त्यानंच शिकवलं. “हे पण सांगायचं, बरं. नाय सांगितलं तर गोष्ट खोटी होते.” बावाजींच्या स्वतःच्या भट्टीवर तीस वर्षं रफीकभाई होते. आमच्या कॉलनीनं तीस वर्षं खाल्लेल्या पावाचं पीठ त्यांच्याच हातांनी मळलेलं.

आता माझा गुन्हा सांगतो. कॉलनीच्या उन्हाळी व्याख्यानमालेचा मी चिटणीस होतो. मुसलमानांच्या हातचं काही घेऊ नका, अशी कुजबुज तेव्हा कॉलनीत सुरू होती. बावाजींची गोष्ट मी अध्यक्षांना मोठ्या उत्साहानं सांगितली आणि ते खूशच झाले. “यांनाच बोलवा! कळू दे लोकांना, ते लोक कसे असतात.” मग सुपारी कातरता कातरता म्हणाले, “ते मागच्या दाराचं तेवढं राहू द्या. उगाच फाटे फुटतात.”

आणि तो निरोप मी पोचवला. मी! “बावाजी, वेळ कमी आहे. मागच्या दाराची गोष्ट राहू द्या.”

“तुला पण नको ती?” त्यांनी विचारलं.

कार्यक्रमाला गर्दी झाली. काठी, पाऊस, गाढव ऐकताना बायका पदरानं डोळे पुसत होत्या. “काय हाल केले मेल्यांनी!” असं कोणीतरी मोठ्यानं म्हणालं. अध्यक्ष मान डोलावत होते. मग बावाजींनी मागचं दार सांगितलं. सगळं सांगितलं, आणि मंडपामागून रफीकभाईंना बोलावलं. त्यांच्या हातात पावांचा ट्रे होता.

“तीस वर्षं तुमचा पाव ह्याच्या हातचा हाय. आता तुम्ही म्हणता, ह्यांच्या हातचं घेऊ नका. मला कळत नाय असं वाटलं? या. हात लावून बघा.”

कोणी उठलं नाही. आताच ज्यांचे डोळे भरून आले होते, ते चपला शोधायला लागले. कधीच मरून गेलेल्या माणसासाठी रडायला यांना काही लागत नाही; समोर ट्रे धरून उभ्या असलेल्या जिवंत माणसासमोर यांचे हात खिशात जातात. मला आजही या लोकांची चीड येते, आणि सगळ्यात जास्त माझी. मी पहिल्या रांगेत होतो, आभाराचा कागद हातात धरून. विहिरीवरच्या त्या बाईचा नातू. मी उठलो नाही. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ना, ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर निरोप फिरला: त्या बेकरीतून काही घेऊ नका. कोणी लिहिला ते कोणालाच माहीत नव्हतं. पुढे मात्र सगळ्यांनी पाठवला. दिवाळीच्या आत भट्टी विझली. रफीकभाई मनमाडला मेहुण्याकडे गेले. बावाजी त्याच हिवाळ्यात वारले. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

भट्टी बंद व्हायच्या आठवडाभर आधी मी गेलो होतो. अंधार पडल्यावर, कोणी बघत नाही हे पाहून. दुकानात गिऱ्हाईक मी एकटाच होतो. फळीवर पाव मांडलेले होते, बावाजींच्या बाह्या तशाच दुमडलेल्या. सवयीनं माझा हात पावाकडे गेला. बावाजींनी फळी मागे ओढून घेतली.

“हात नको लावू,” ते शांतपणे म्हणाले. “लांबूनच दाखव. कोणता देऊ?”

मी बोट दाखवलं.