तीनची कॉफी

अण्णा जाऊन सहा वर्षं झाल्यावर एका मंगळवारी, दुपारी बरोबर तीन वाजता, त्यांनी कॉफी मागितली.

निमित्त माझंच, त्यांच्या धाकट्या मुलाचं. चौपन्नाव्या वर्षी मी वेबसाइटी बनवायचं नव्याने शिकत होतो. ऑफिसात मला कोड लिहू देणं केव्हाच बंद झालं होतं; नुसतं मीटिंगांना बसवत. माझी मुलगी मुक्ता महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत हेच काम करते. मी एखादं नवं साधन शिकून येई, तोवर ती म्हणे, "बाबा, ते आता कोणी वापरत नाही." (महिन्यात तीनदा!) शेवटी मी जाहीर केलं, आईला गोळ्यांची आठवण करून देणारा प्रोग्राम मी एकटा लिहीन. फसला, तर पुन्हा कीबोर्डला हात लावणार नाही.

चाचणीसाठी सकाळी साडेनऊची वेळ घातली आणि अण्णांच्या वेताच्या खुर्चीमागे ठेवलेल्या जुन्या स्पीकरला एकच वाक्य दिलं: "कॉफी झाली का?" साडेनऊ वाजले. स्पीकर गप्प. मी लॅपटॉप हळूच मिटला आणि ऑफिसला सटकलो.

दुपारी आई घरात एकटी. तीनच्या ठोक्याला रिकाम्या खुर्चीतून घोगरा आवाज आला, "कॉफी झाली का?" अण्णा दुपारची झोप काढून बरोबर तीनला उठायचे.

आईने संध्याकाळी हे अगदी शांतपणे सांगितलं. मी म्हटलं, स्पीकर माझा खरा, पण माझा प्रोग्राम साडेनऊचा, आणि तो चाललाच नाही.

"मग तीनला कोण?" आईने विचारलं.

माझ्या बायकोने, सुधाने, उठून देवापुढे दिवा लावला.

बुधवारी पुन्हा तेच. आईने दोन कप कॉफी केली आणि एक खुर्चीपुढे ठेवला. पाच वाजता तो कप रिकामा! "बोलावतायत वाटतं मला," ती पुटपुटली.

गुरुवारी रजा टाकून मी खुर्चीसमोर बसलो. वारा नव्हता, तरी पडदा हलला. वेत आपोआप कुरकुरला. तीन वाजले.

"कॉफी झाली का?"

मी चक्क हात जोडले. "अण्णा, चुकलो. तुमचा रेडिओ मीच खोलला होता. मार दादाने खाल्ला. पण आईला नेऊ नका!"

मागे वळलो तर दारात आई, सुधा आणि मुक्ता.

मुक्ताने अर्धं मिनिट लॅपटॉप पाहिला. "बाबा, तुमचा प्रोग्राम या लॅपटॉपवर नाही, इंटरनेटवरच्या ज्या कॉम्प्युटरवर चालतो, त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. त्याचे साडेनऊ म्हणजे आपले तीन. पहिल्या आठवड्यात सगळेच हे करतात."

म्हणजे प्रोग्राम चालत होता! मला उडीच मारायची होती. "पण मग कॉफी कोण प्यायचं?"

"मी," आई म्हणाली. "डॉक्टरांनी एकच कप सांगितलाय, तुम्ही दुसरा देत नाही. आणि तुझे अण्णा कॉफी झाली का म्हणून कधी विचारत नसत, नुसते खाकरायचे. पहिल्याच दिवशी मी ओळखलं, हा तुझा उद्योग. रेडिओचं मात्र आज कळलं." एवढं बोलून तिने दादाला फोन लावला.

कीबोर्ड माझ्याकडेच राहिला. दादा मात्र दर रविवारी के. आर. पुरमहून येतो, बरोबर तीनला अण्णांच्या खुर्चीत बसून खाकरतो, आणि मी मुकाट्याने उठून कॉफी करतो. त्यासाठी प्रोग्राम लिहावा लागला नाही.