चिठ्ठी नसलेली वाटी

दाणेबाईंबद्दल चिमटेरावांना काय माहीत होतं, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर लाजिरवाणं आहे. फारसं काहीच नाही. सव्वीस वर्षं दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसले. बाईंना चहात साखर चालत नाही, थंडीत त्यांचा उजवा खांदा धरतो आणि कुणी शिट्टी वाजवली की त्यांचं डोकं उठतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. बाई मुळात या कामाला का आल्या, हे विचारावं असं पुष्कळदा मनात आलं. पण विचारायची वेळ आली की चिमटेराव तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे.

काम होतं बियाणं तपासायचं. नमुन्यांच्या पिशव्या यायच्या. ओल्या टीपकागदावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, उबेच्या पेटीत ठेवायचे आणि ठरल्या दिवशी किती रुजले ते मोजायचे. दाणे मांडायच्या त्या दाणेबाई. मोजायचे ते चिमटेराव, कारण खिशातला चिमटा ते घरी जातानाही काढत नसत. लग्नात अक्षतासुद्धा चिमट्यानं टाकतील, अशी त्यांची थट्टा व्हायची.

त्या खोलीला एकच कायदा होता. तो बाईंनी केलेला आणि स्वतःच्या हातानं लिहून भिंतीवर लावलेला होता: ‘चिठ्ठी नाही ते बी नाही.’ बशीत असो, पेल्यात असो, बी म्हटलं की त्याला नाव-तारखेची चिठ्ठी हवीच. नसली तर बाई तो नमुना सरळ केराच्या डब्यात टाकत, मग साहेबांनी स्वतः आणलेला का असेना.

बाईंची आणखी एक सवय होती. घेवड्याचा नमुना घेऊन जो कुणी येई त्याला त्या विचारायच्या, “पांढरा दाणा आणि त्यावर बोट टेकवल्यासारखा एकच तांबडा ठिपका, असा घेवडा कुठे पाहिलात का?” कुणी पाहिलेला नसायचा. चिमटेरावांना वाटायचं, बाईंचा छंद असेल. कुणी तिकिटं जमवतं, कुणी ठिपके.

दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. पुढच्या वर्षी थंडीनं फार ताणून धरलं. अखेर एका रविवारी सकाळी लख्ख ऊन पडलं आणि चिमटेरावांचा फोन वाजला.

“अहो चिमटेराव, घरात काय अंडी उबवताय? चला फिरायला. संध्याकाळी जेवायला माझ्याकडेच. कांदे तुम्ही चिरायचे.”

बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरून दोघं कालव्याच्या काठानं निघाले. जमीन अजून ओली होती. उघड्या फांद्यांच्या टोकांना हिरवे थेंब लोंबावेत तशा कळ्या फुगल्या होत्या, आणि बांधावर सुईएवढं गवत वर येत होतं. बाई चालत नव्हत्या, सुटल्या होत्या. दर दहा पावलांवर वाकायच्या.

“हे बघा, हे कालच वर आलंय! आणि हे, डोक्यावर अजून टरफलाची टोपी आहे याच्या.”

“बाई, जरा दमानं. चिखल आहे.”

“चिखल आहे म्हणूनच तर उगवतंय. तुम्ही काय पेटीत फिरायला आलात?”

कालव्याच्या वळणावर पंपवाल्याची एक पडकी खोली होती. पंप बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. मागच्या तारेच्या कुंपणावर गेल्या हंगामातला घेवड्याचा एक वाळका वेल गुरफटून बसला होता आणि वळचणीखाली, पावसाचा थेंब पोचणार नाही अशा जागी, दोन शेंगा लटकत होत्या. बाई थबकल्या. मग चपला काढून एकसष्टाव्या वर्षी त्या बांधावर चढल्या. चिमटेरावांनी एका हातात चपला धरल्या आणि दुसरा हात, बाई पडल्याच तर, हवेत नुसता उघडा धरला.

शेंगा रुमालात आल्या. कडक, पिवळ्या, हलवल्या की खुळखुळणाऱ्या.

“उघडा की,” चिमटेराव म्हणाले.

“नको. उघडल्या आणि नसला, तर परतीची वाट लांब होईल.”

परतताना बाई कुठेही वाकल्या नाहीत, रुमाल दोन्ही हातांत धरून भराभर चालत राहिल्या. चिमटेरावांना वाटलं, आपलंच काही चुकलं.

बाईंचं स्वयंपाकघर दोन माणसांना अवघडच. ओट्यावर बटाटे, गाजरं, अर्धा कोबी आणि वाटेत खुडलेला मूठभर कोवळा पाला. चिमटेरावांनी कांदे घेतले, चष्मा काढून ठेवला आणि रडत रडत चिरू लागले. बाई रुमाल घेऊन मागच्या पायरीवर गेल्या. शेंग फुटल्याचा आवाज आला, मग दुसरा. मग बाई वाऱ्यासारख्या आत आल्या. चिमटेरावांच्या पाठीमागे नळ वाजला, खिडकीत काहीतरी ठेवल्याचा टणकन आवाज झाला, आणि बाई शिडी लावून माळ्यावर चढल्यासुद्धा.

“टीपकागद होता हो इथे!” वरून आवाज आला. “ऑफिसातून आणलेला! भाजी तुम्ही बघा!”

चिमटेरावांनी भाजी बघितली. पातेल्यात सगळं घातलं, पाणी ओतलं. पाणी तापायला लागलं तेव्हा खिडकीतली वाटी दिसली. पाण्यात काही दाणे. बाईंच्या घरी भाची राहायची, ती रोज काही ना काही भिजत घालायचीच. तरी चिमटेराव थांबले. बियाण्याचे तर नसतील? त्यांनी वाटी फिरवून डोळे बारीक करून सगळीकडून पाहिली. चिठ्ठी नव्हती. सव्वीस वर्षांत बाईंची चिठ्ठी एकदाही चुकली नव्हती. म्हणजे हे खायचे. त्यांनी वाटी पातेल्यात उपडी केली आणि वर झाकण ठेवलं.

बाई खाली उतरल्या. केसांत जळमटं, हातात टीपकागद, चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरीसारखा.

“चिमटेराव, नऊ! नऊच्या नऊ ठिपकेवाले! वाटी द्या ती.”

“कुठली?”

“खिडकीतली.”

चिमटेरावांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. “भाजीत घातली.”

बाईंची नजर झाकणावर गेली.

“चिठ्ठी नव्हती,” चिमटेराव कसेबसे म्हणाले.

बाईंनी झडप घालून गॅस बंद केला. पाणी अजून उकळलं नव्हतं, पण बोट घालवेना. तेव्हा चिमटेरावांनी आयुष्यात पहिल्यांदा बाईंना बाजूला सारलं, डोळ्यांवर चष्मा चढवला, खिशातून चिमटा काढला आणि पातेल्यावर वाकले. बाई डावानं बटाटे हलवत होत्या. “डावीकडे! कोबीखाली! अहो, ते गाजर आहे!” एक आला. दोन. वाफेनं चष्मा धुकट झाला की बाई पदरानं पुसायच्या. पाच. सहा. सात.

तेवढ्यात भाची पाव घेऊन दारात आली. “मावशी? काका? भाजीत उंदीर पडला का?”

ते ऐकून बाई मटकन खुर्चीवर बसल्या. चिमटेरावांना वाटलं, आता रडतील. बाई हसत होत्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“दहा वर्षांची होते,” त्या म्हणाल्या. “वडिलांचा घेवडा होता हा. आजोबांपासून चालत आलेला, दुसरीकडे कुठे कुणी पाहिला नव्हता. पाहुणे आले, आई घरात नव्हती. मी शहाणपणानं फळीवरची बरणी काढली आणि सगळा शिजवला. पुढच्या पेरणीचं बी ते. वडील जेवले, ‘छान झालीय’ म्हणाले. नंतर कधी त्याबद्दल बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.”

“म्हणून तो कायदा?” चिमटेरावांनी विचारलं.

“म्हणून कायदा. म्हणून नोकरी. आणि आज मीच चिठ्ठी विसरले!”

सात दाणे कागदावर गेले. मग तिघं जेवायला बसले. भाजी साधीच, मीठ थोडं कमी, पण प्रत्येक घास असा तपासून खाल्ला की तासभर लागला. आठवा भाचीच्या चमच्यात सापडला, पार मऊ झालेला. नववा कुणाच्या पोटात गेला ते कळलं नाही.

“काका, खरं सांगा, तुम्हीच गिळलात.”

“असेल,” चिमटेराव म्हणाले. “छान झाली होती.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाव पुढे सरकवला.

सहाव्या दिवशी फोन आला, “या आधी!” चिमटेराव घरातल्या चपलांवरच धावले. कागदावर दोन दाण्यांनी पांढऱ्या शेपट्या काढल्या होत्या.

“सातांत दोन,” चिमटेरावांनी सवयीनं मोजलं. “बाई, हा नमुना आपण नापास केला असता.”

“केला असता,” बाई म्हणाल्या. त्यांनी मागच्या कुंपणाशी माती उकरली आणि ते दोन दाणे चिमटेरावांनीच उचलून मातीत ठेवले.

दोन्ही वेल मागच्या कुंपणावर चढले आणि हंगाम संपता संपता बरणीभर घेवडा निघाला. येत्या थंडीत बाई कायमच्या जाणार आहेत, हे तेव्हा कुणाला माहीत होतं! शेवटच्या भेटीच्या त्या दिवशी चिमटेराव सहज गेले होते. निघताना बाईंनी त्यांच्या हातात एक पुडी दिली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘घेवडा. बी आहे. शिजवू नये.’

“चिठ्ठी लावलीय हं.”

“वाचली.”

“मग निघा आता, बस चुकेल.”

“येतो.”

“या.”