रुखमाईच्या माहेरी, मागच्या सीटवर

श्रावणातल्या एका सकाळी मी अंथरुणात उठून बसलो आणि समोरची भिंत फिरू लागली. भिंतीवरचं कॅलेंडर, खिडकी, खिडकीतला कडुनिंब, सगळं डावीकडून उजवीकडे निघून जात होतं आणि पुन्हा डावीकडून येत होतं. डावा कान आतून गच्च भरून आला होता आणि त्यात शंखासारखा आवाज घुमत होता. पलंगाची कड घट्ट धरून मी बायकोला हाक मारली. तेव्हा मनात पहिला विचार आला तो जिवाचा नव्हे, गाडीचा. आता मी गाडी कशी चालवणार? हे लिहिताना हसू येतं, पण त्या दिवशी आलं नव्हतं.

निवृत्तीला टेकलेल्या चित्रकलेच्या मास्तराने घ्यावी अशी ती गाडी नव्हेच. लांबच्या आणि वाईट रस्त्यांसाठी बनवलेली ती भलीमोठी मोटारसायकल. दोन्ही अंगांना सामानाच्या धातूच्या पेट्या, पुढे वारा अडवायची काच, आणि सीट इतकी उंच की थांबल्यावर माझ्या टाचा जमिनीला लागत नाहीत. घरात तिचं नाव ‘उंट’ पडलं. पेट्रोल भरायचं असलं की बायको विचारायची, “उंटाला चारा घातला का?” अमरावतीतल्या कुठल्याही सिग्नलला थांबलं की शेजारचा स्कूटरवाला मान वळवून “किती देते जी?” म्हणणारच. मी खरा आकडा सांगितला की त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी जी कणव यायची, ती मी मुकाट्याने गिळायला शिकलो होतो. पण याच उंटावरून मी चिखलदऱ्याचा घाट किती वेळा चढलो, पार स्पितीपर्यंत जाऊन आलो. चालत्या गाडीवरून मला रंग वेगळे दिसतात, नांगरलेल्या काळ्या मातीतसुद्धा जांभळा दिसतो. देवघरात माझं मन कधी पाच मिनिटं टिकलं नाही, गाडीवर मात्र तासन् तास टिकायचं. माझी पूजा ती तेवढीच.

डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आतल्या भागाचा आजार आहे, चक्कर कधीही येईल आणि सांगून येणार नाही. काही महिने ती अजिबात फिरकली नाही तर गाडी चालवायला त्यांची ना नव्हती. तोवर नाही म्हणजे नाही. उंटावर चादर पडली. मी रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून त्या चादरीकडे बघत बसायचो. लेक रेवती आठवड्यातून एकदा गाडी काढून गल्लीत एक चक्कर मारायची, बॅटरी उतरू नये म्हणून. उन्हाळ्यात तिला मीच मैदानावर शिकवलं होतं. ती गेली की गल्लीच्या टोकापर्यंत तो आवाज ऐकत मी बसायचो.

भाद्रपदात आम्ही नवरा-बायको एसटीने कौंडण्यपूरला गेलो. वर्धेच्या काठचं हे गाव रुखमाईचं माहेर. जग तिला आई म्हणतं. आमच्या वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना ती लेक वाटते, सासरी दिलेली. माझी श्रद्धा मात्र नळाच्या पाण्यासारखी, आली तर आली. तरी त्या दिवशी हात जोडले आणि मनात म्हणालो, ‘मला पुन्हा गाडीवर बसू दे. पहिली फेरी तुझ्याच दारी. स्वतः चालवत येईन.’ बाहेर येताना वाटलं, कुणी ऐकलंच नसेल. दगडाला आपलं रडगाणं सांगून आलो.

पण दसरा गेला, दिवाळी गेली, चक्कर आली नाही. मार्गशीर्षात डॉक्टर म्हणाले, जा, पण सावकाश. शनिवारी सकाळी मी चादर काढली. रेवती दारात उभी राहून म्हणाली, “येऊ का सोबत?” मी म्हणालो, “नको गं, नवस माझा आहे.” बायकोने गाडीच्या काचेला हळदीकुंकू लावलं. पहिल्या वळणालाच हात आणि पाय सगळं आपापलं आठवून वागू लागले. हेल्मेटच्या आत मी चक्क रडत होतो.

अमरावती मागे पडली आणि कुऱ्ह्याच्या रस्त्याला धुकं उतरलं. आमच्याकडे त्याला धुवारी म्हणतात आणि तुरीच्या फुलाला ती बाधते म्हणून शेतकरी तिच्यावर खवळतात. मला मात्र ती त्या सकाळी मायेची वाटली. जग दहा-वीस पावलांपुरतं उरलं होतं. संत्र्याची झाडं दिसत नव्हती, नुसती फळं हवेत लटकलेली दिसायची आणि विरून जायची. वेचायचा राहिलेला कापूस कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. एक बैलगाडी आवाजाआधी वासाने जाणवली, मग बैलांची शिंगं दिसली, मग काहीच नाही. स्वप्नात आपण पाय उचलत नाही, नुसते पुढे पुढे जात राहतो, तसा मी जात होतो. या रस्त्याला शेवट नसावा असं वाटत होतं.

कुऱ्हा मागे टाकल्यावर अचानक रस्त्याच्या कडेला एक म्हातारी दिसली. नऊवारी लुगडं, अंगावर घोंगडी, एक हात वर केलेला. मी हॉर्न दिला तर ती आणखी एक पाऊल रस्त्यात आली. मी चिडलोच. या उंचीची गाडी चालवणं सोपं असतं, थांबवून पाय टेकणं कठीण, आणि इतक्या महिन्यांनी तर मी ते शक्यतो टाळत होतो. ब्रेक दाबले. गाडी करकरत थांबली, मी कसाबसा पंजा टेकवला.

“मरायचंय का आजी?” मी हेल्मेटची काच वर करून ओरडलो.

“मराले टाइम नाही बाप्पा, रोडगे गार होऊन राहिले,” ती म्हणाली. “चाला, उतरा. पंगत बसाची हाये.”

तिचं नाव गिरजाबाई. रस्त्याला लागूनच तिचं शेत होतं आणि शेतातल्या मारुतीपुढे त्यांच्या घरच्या नवसाचा स्वयंपाक चालला होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. त्यांच्या घराण्याची रीत अशी की नैवेद्य झाला तरी अनोळखी वाटसरू पहिल्या पंगतीला बसल्याशिवाय घरचं कुणी घास घेत नाही. धुक्यामुळे सकाळपासून त्या रस्त्याने जाणारं कुणी थांबायला तयार नव्हतं.

मी म्हणालो, “येताना थांबतो. आधी कौंडण्यपूरला जाऊन येतो.”

“रुखमाईकडे? मंग त सोडतच नाही. आमच्या लेकीच्या गावाले जानारा मानूस आमच्या वावरातून उपाशी जाईन? काय म्हनन ते?” आणि मग जरा खालच्या आवाजात, “तुमाले गाडीची घाई, आमाले भुकीची. लहान पोरंबी थांबून हायेत जी.”

गाडी बांधाला लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि ‘दहा मिनिटांचा प्रश्न आहे’ असं स्वतःला समजावत मी मांडी घालून बसलो. पत्रावळीवर रोडगा आला, गिरजाबाईने तो मुठीने फोडून त्यावर तुपाची धार धरली. पहिला घास उचलला आणि डावा कान गच्च झाला.

मला कळलं. घास हातातच राहिला. पत्रावळ सरकली, मारुतीचा शेंदूर सरकला, बसलेली माणसं, धुकं, गोवऱ्यांचा धूर, सगळं एका मोठ्या चाकासारखं फिरू लागलं. मी आडवा झालो आणि दोन्ही हातांनी जमीन धरली. काळी ओलसर माती नखांत गेली. श्रावणातल्या त्या चक्करपेक्षा ही कितीतरी जोराची होती. कुणीतरी ओरडलं, कुणी पाणी आणलं. पाठीवर एक खरखरीत तळवा टेकला आणि तसाच राहिला.

“घाबरू नका भाऊ,” गिरजाबाई म्हणत होती. “धरून ठेवा. जमीन कुठी जात नाही.”

कितीतरी वेळ मी तसाच पडून होतो. नंतर त्यांनी मला झोपडीतल्या बाजेवर नेऊन निजवलं, अंगावर घोंगडी घातली. डोळे मिटून मी तो रस्ता बघत होतो, ज्यावर मी त्या क्षणी असायला हवं होतं. पुढे नाल्यावरचा अरुंद पूल, दोन्ही बाजूंना खोल, आणि धुक्यात समोरून येणाऱ्या कापसाच्या गाड्या. एक बाई हात वर करून आडवी आली नसती तर मी नेमका कुठे असतो, याचा हिशेब मी केला नाही. करायची गरजही वाटली नाही. घोंगडी तेवढी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

आणि खरं सांगतो, कृतज्ञता नंतर आली. आधी आला तो राग. वाचलो हे कळत होतं, पण आजार गेलेला नाही हेही त्याच क्षणी कळलं होतं. आता डॉक्टर परवानगी देणार नव्हते, आणि दिली तरी मी कुठल्या तोंडाने गाडीवर बसणार? मी रुखमाईवर चिडलो. मागितलं काय आणि दिलंस काय! जीव कुणी मागितला होता तुझ्याकडे? बाजेवर पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि गिरजाबाईला वाटलं, अजून फिरतंय.

रेवतीला फोन केला. ती फक्त “निघते” म्हणाली. कुऱ्ह्यापर्यंत एसटीने आणि पुढे काळीपिवळी जीपने ती आली तेव्हा धुकं उठून स्वच्छ ऊन पडलं होतं. तिच्या हातात तिचं हेल्मेट होतं. तिने आधी मला पाणी पाजलं, डॉक्टरांशी फोनवर बोलली, मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे मला निजू दिलं. दुपार कलल्यावर तिने मला बांधावरून सरळ रेषेत चालायला लावलं. मी चाललो. सगळं आपापल्या जागी होतं.

“आता घरी जायचं की कौंडण्यपूरला?” तिने विचारलं.

“घरी,” मी म्हणालो. “स्वतः चालवत येईन असं बोललो होतो. मोडलं ते.”

गिरजाबाई उरलेले रोडगे बांधून देत होती. ती वर न बघताच म्हणाली, “काहून मोडलं? ते काय दारात उभी राहून पाहून राहिली का, हँडल कोनाच्या हाती हाये म्हून? लेकीले बाप आलेला पायजे. कसा आला ते नाही पाहत ते.”

रेवती हसली. मी आरशावरचं हेल्मेट काढून डोक्यावर चढवलं. ती हँडल धरून पुढे बसली, तिचे जेमतेम चवडे टेकत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर चढलो. गिरजाबाईने आपलं एक जुनं लुगडं आणून आम्हा दोघांच्या कमरेभोवती दोन वेढे दिले आणि गच्च गाठ मारली. “आता पडनार नाही,” म्हणाली, आणि हात पदराला पुसून पंगतीतली भांडी आवरायला निघून गेली.

पहिल्या वळणाला रेवती गाडीबरोबर झुकली आणि मी ताठ राहिलो, उलट दुसऱ्या बाजूला अंग ओढलं. गाडी अडखळली. ती ओरडून म्हणाली, “बाबा, अंग सोडा ना! तुम्ही उलटं ओढलं तर मला वळताच येत नाही.” हे वाक्य उन्हाळ्यात मैदानावर मीच तिला सांगितलं असेल, इतकं ते साधं होतं. पण ते मला लागलं. गेले किती महिने मी हेच करत होतो. पुढचं वळण आलं तेव्हा मी डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. गाडी कलली, मी कललो, आणि भीती वाटली नाही. डोळे उघडले तेव्हा तिरप्या उन्हात तुरीची फुलं पिवळीधमक दिसत होती आणि लांबवर वर्धेचं पाणी चमकत होतं. मी बघत होतो. चालवताना इतकं बघायला मिळत नाही.

मंदिरात उभा राहिलो तेव्हा मागण्यासारखं काही आठवेना आणि रागही सापडेना. “आलो बरं का,” एवढंच तोंडून निघालं. बांधून दिलेल्यातला एक रोडगा आम्ही नदीच्या घाटावर बसून खाल्ला. गार झाला होता, तुपाचा वास तेवढा शिल्लक होता.

त्यानंतर मी ती गाडी चालवलेली नाही. आजार आहे तिथेच आहे, मधूनमधून येऊन जातो. तो बरा व्हावा असं वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण आता त्याच्याशी भांडण नाही. जिने रस्त्यात आडवा हात धरला आणि जिने मागे बसवून नेलं, त्या दोघींत रुखमाई कोणती होती हे मी शोधत बसलो नाही. दोघींचे उपकार आहेत, ते फिटायचे नाहीत आणि फिटू नयेत. सुट्टीच्या दिवशी रेवती गाडी काढते, मी मागे बसतो. वळण आलं की अंग सोडून देतो. कुठे वळलो ते नंतर कळतं.