पंधरा तास चाळीस मिनिटं

माझी पत्नी दृष्टिहीन मुलांच्या एका शाळेसाठी भूगोलाचे आणि इतिहासाचे धडे वाचून रेकॉर्ड करत असे. मोबदला काही नव्हता. एकूण एक्केचाळीस धडे झाले. ती वाचायची आणि मी लॅपटॉपवर ते रेकॉर्डिंग साफ करायचो. मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात स्टॉकचं काम बघतो. किती लाद्या निघाल्या, किती बोटीवर चढल्या, किती वितळल्या. साफसफाईचं काम मला जमण्यासारखं होतं.

रेकॉर्डिंग मागच्या खोलीत चाले. पंखा बंद, खिडक्या बंद, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढलेला. मे महिन्यात त्या खोलीत पंधरा मिनिटांच्या वर बसवत नसे. ती मध्येच अडखळायची, "परत घेते" म्हणायची, पाणी प्यायची, खोकायची. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हे शब्द एकदा तिला सात वेळा घ्यावे लागले. सातव्या वेळी ती हसायलाच लागली. मी काही सुचवलं तर म्हणायची, "अहो, इथे लाद्या मोजायच्या नाहीयेत, धडा वाचायचाय. तुम्ही आधी तो चमचा खाली ठेवा, वाजतोय." हे सगळं रेकॉर्ड होत असे, आणि मग मी ते सगळं कापत असे.

मूळ रेकॉर्डिंग सत्तावीस तास पंचवीस मिनिटांचं होतं. साफ करून शाळेला पाठवलं ते अकरा तास पंचेचाळीस मिनिटांचं. शाळेतल्या बाईंनी कळवलं होतं की इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग त्यांना आजवर कोणी दिलेलं नाही. तिने ते मला दोनदा वाचून दाखवलं.

मागच्या श्रावणात ती गेली.

मूळ फायली लॅपटॉपवर होत्या. मी मूळ कागद कधी फाडत नाही, म्हणूनच त्या राहिल्या होत्या. अकरा महिन्यांत मी त्यातली एकही उघडली नाही. माझ्याच्याने होईना. वर्षश्राद्धाला महिना उरला तेव्हा पुण्याहून मुलीचा फोन आला.

"बाबा, आईची ती कच्ची रेकॉर्डिंग्ज आहेत ना? ज्यात ती तुम्हाला ओरडते?"

"आहेत."

"मला ती हवीत. आत्ताच पाठवा ना."

"लॅपटॉप फार मंद झालाय. डिस्क भरल्ये. आधी नवीन डिस्क बसवतो, मग नीट पाठवतो."

"तुमचं ते नीट," ती म्हणाली, पण हसून म्हणाली.

जुनी डिस्क दोनशे छप्पन जीबीची होती, तीत तीन जीबी जागा उरली होती. मी पाचशेची नवी मागवली. मूळ फायलींचं वजन सगळं मिळून नऊ जीबी. सोळाच्या पेन ड्राइव्हमध्ये त्या मावल्या असत्या आणि काम वीस मिनिटांचं होतं. मी ते केलं नाही, कारण माझा हिशेब असा होता की जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नवीवर उतरणार आणि जुनी तशीच राहणार. म्हणजे दोन प्रती झाल्याच. तिसरी कशाला?

पहिल्या दिवशी प्रोग्रॅम वापरून नक्कल काढायला घेतली. एकाहत्तर टक्क्यांवर थांबली. पुन्हा लावली, पुन्हा एकाहत्तर. मग दोन डिस्का शेजारी शेजारी बसवायची एक छोटी पेटी आणली. तिला कॉम्प्युटर लागत नाही, बटण दाबलं की एकीवरचं सगळं दुसरीवर उतरतं. इथे माणसं दिशा चुकतात आणि भरलेल्या डिस्कवर कोरी उतरवून बसतात. मी दोन्हींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, 'जुनी' आणि 'नवी', आणि बटण दाबण्याआधी तीनदा वाचल्या. मी दिशा चुकलो नाही. दोन तास दहा मिनिटांनी पेटीवरचे चारही दिवे लागले, म्हणजे नक्कल पूर्ण.

नवी डिस्क लॅपटॉपमध्ये बसवली. काळ्या पडद्यावर ओळ आली की सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही. मशीन सुरू होताना एक बटण दाबून ठेवलं की सेटिंगचं एक पान उघडतं. त्यात मी एकेक गोष्ट बदलून पाहू लागलो, आणि प्रत्येक बदल वहीत वेळेसकट लिहिला. पहिल्या तीन बदलांनी काही झालं नाही. चौथा होता सुरक्षेची चिप कोरी करण्याचा. तिथे इशारा होता की डिस्कला कुलूप असेल तर माहिती कायमची जाऊ शकते. मी तो नीट वाचला. आपण डिस्कला कधी कुलूप लावलेलं नाही असा विचार केला आणि 'हो' दाबलं.

कुलूप होतं. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये ते आपोआपच लागलेलं असतं आणि त्याची किल्ली त्या चिपमध्ये असते, हे मला माहीत नव्हतं. निळा पडदा आला आणि अठ्ठेचाळीस आकडे मागू लागला. मी नवी काढून जुनी बसवली. तोच निळा पडदा, तेच अठ्ठेचाळीस आकडे. प्रती दोन होत्या, पण दोघींची किल्ली एकच होती. मी प्रती मोजल्या होत्या, किल्ल्या मोजल्या नव्हत्या.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने मशीन पाहून विचारलं, "लॅपटॉप कोणाच्या नावावर सुरू केला होता?"

"हिच्या."

"मग घाबरू नका. काकूंच्या ऑनलाइन खात्यात ते आकडे जमा असतात. त्यांच्या मोबाइलवर कोड येईल, तो घाला, खातं उघडेल."

"तो नंबर मी बंद केला."

"कधी?"

"ती गेली त्याच महिन्यात."

त्या महिन्यात मी सगळंच बंद केलं होतं. गॅसची नोंद, रेशनकार्डावरचं नाव, बँक, मोबाइल. मागे काही लोंबकळत ठेवायचं नाही ही माझी सवय. तेराव्याला आलेले नातेवाईक म्हणाले होते, "एवढ्यातसुद्धा किती व्यवस्थित आहेस तू." मला तेव्हा ते बरं वाटलं होतं.

दुरुस्तीवालाच म्हणाला की बंद नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी देतात. घरी येऊन मी तो लावला. तो मला पाठ होता. एका मुलीने उचलला. मागे गाडीचा आवाज होता. मी सगळं सांगितलं.

"ओ काका," ती म्हणाली, "कोड कोणाला सांगू नका, हे कंपनीत आम्हाला दर आठवड्याला सांगतात."

"बरोबरच सांगतात."

"मग मी का सांगू?"

मी म्हटलं, "हा नंबर आधी माझ्या बायकोचा होता."

ती म्हणाली, "त्यांना अजून फोन येतात, काका. एक आजी दर सणाला फोन करतात. त्यांना ऐकू कमी येतं. मी सांगते राँग नंबर, तर म्हणतात, असू दे गं, तू कशी आहेस? मी बरी आहे म्हणते." मग म्हणाली, "मी संगमेश्वरची. लोट्याला एमआयडीसीत कामाला असते, आत्ता बसमध्ये आहे. पाठवा तुमचा कोड. पण माझं काय वाकडं झालं तर तुमच्या घरी येऊन बसेन, सांगून ठेवते."

"ये," मी म्हटलं.

तिने सहा आकडे दोनदा वाचून दाखवले. खातं उघडलं. किल्ल्यांच्या पानावर एकच ओळ होती, की या खात्यात एकही किल्ली जमा नाही.

"मिळालं का काका?" ती अजून फोनवर होती.

मी "हो" म्हटलं आणि तिचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने उलगडा केला. खात्याला जोडलेलं यंत्र यादीतून काढलं की त्याची किल्लीही पुसली जाते. मी माझी वही काढली. ती गेली त्या महिन्यातली, नंबर बंद करण्याआधीची नोंद सापडली. 'हिच्या खात्यातून दोन यंत्रं काढली.' एक तिचा फोन. दुसऱ्याचं नाव नुसतं अक्षरं आणि आकडे असं होतं. मला ओळखू न आल्याने मी ते काढलं होतं. ते नाव मी तेव्हा उतरवून ठेवलं होतं. लॅपटॉप उलटा करून पाहिलं तर खालच्या पट्टीवरही तेच होतं.

दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, फॉरमॅट मारू या. मशीन एकदम नवी होईल." मी नको म्हटलं. दोन्ही डिस्का कपाटात आहेत, पट्ट्यांसकट.

साफ केलेले एक्केचाळीस धडे शाळेकडे होते, ते मागवून घेतले. नऊ दिवस कारखान्यातून आलो की हेडफोन लावून बसलो. एखादा खोकला, एखादं "परत घेते", कापायचं राहून गेलेलं काहीही मिळावं एवढंच हवं होतं. सापडलं नाही. वाक्यावाक्यांमध्ये मी अर्ध्या सेकंदाची शांतता टाकली होती. तीही एकदाच घेतलेली आणि सगळीकडे चिकटवलेली.

शेवटी मुलीला फोन करून झालं ते क्रमाने सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "जे आहे ते पाठवा." मी धडे पाठवले. तासाभराने तिचा फोन आला.

"बाबा, ऐकलं. पण ही आईसारखी वाटतच नाही. कोणीतरी बातम्या देणारी बाई वाटते. आई अशी न थांबता कधी बोलायची?"

"ती थांबायची गं," मी म्हटलं. "ते मी कापलं."

त्यानंतर फोन बराच वेळ चालू होता. ती बोलली नाही आणि मीही बोललो नाही.