वामनदादांची बिनधुराची गाडी

बॅटरीच्या टर्मिनलवर जसा पांढरा थर साचतो, तसे आमच्या दुकानात किस्से साचायचे. रत्नागिरीत ट्रकच्या, मच्छीमार लाँचच्या बॅटऱ्या चार्ज करणारं दुकान वामनदादांचं. मी तिथला मेकॅनिक. गावात नुकते टीव्हीचे अँटेना दिसू लागले होते, तेव्हा दादांनी भंगारातल्या मोटारीची विजेची गाडी करायला घेतली. कारण एकच, दादांची आई! एसटीच्या डिझेलच्या वासाने आईंना पहिल्याच वळणावर उलटी व्हायची. लेकीच्या, म्हणजे दादांच्या बहिणीच्या, लग्नाला चार वर्षं झाली, पण तिचं गोळप गावचं घर आईंनी पाहिलंच नव्हतं.

*

नव्या बॅटऱ्यांची किंमत ऐकून दादा मटकन खाली बसले.

"एवढ्यात तर मी गोळपच इकडे उचलून आणीन!"

शेवटी लाँचच्या जुन्या बॅटऱ्यांना नव्या प्लेटा घातल्या.

*

आठ बॅटऱ्या चढवल्या आणि गाडीचं बूड रस्त्याला टेकलं! शेजारचा गॅरेजवाला हसला, "दादा, माणसं कुठं बसवणार?"

"मागची सीट काढ रे," दादा मला म्हणाले, "आई पुढंच बसणार हाय!"

*

हॉर्नला करंट जातो म्हणून दादांनी हॉर्नच काढला. ट्रायलला गाडी बंदरावर गेली ती मांजराच्या पावलांनी. मासे विकणाऱ्या एका बाईच्या पाटीला बंपर टेकला, तेव्हा कुठे तिला कळलं.

"मेल्या, आवाज तरी कर!"

दुसऱ्या दिवशी गाडीला सायकलची घंटी बसली.

*

आणि तो दिवस! आई पुढे, मी मागे बॅटऱ्यांवर गोणपाट टाकून. "लेकीकडं मुक्काम करायचा नाय. घर बघीन नि लगेच फिरेन," आईंनी निघतानाच बजावलं. लेकीच्या घरी राहायचं नाही, हा जुन्या माणसांचा नेम.

गोळपच्या चढणीला गाडी इतकी मंदावली की एक सायकलवाला सायकल हातात धरून चालत आम्हाला मागे टाकून गेला. पण थांबली नाही! चढण संपून वरच्या सड्यावर, सपाट माळावर पोचलो तेव्हा मी ओरडलोच. आईंना साधी मळमळसुद्धा नव्हती. घरापुढे गाडी थांबताच लेक धावत आली आणि दोघी रडल्या. खरं सांगतो, मीही रडलो.

बॅटऱ्या मात्र पार उतरल्या होत्या. चार्जर सोबत होता, पण पुन्हा भरायला सकाळ होणार. आई दादांवर जाम भडकल्या.

सकाळी दादांनी हाक मारली, "आई, चार्ज झाली गो. चल."

आई लेकीच्या चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"एवढ्यात कशी झाली? वायरी काढू नको हां. अजून दोन दिवस लावून ठेव!"