ठाणे दैनंदिनीतली माझी ओळ

ती सकाळ मला विसरता आलेली नाही. इतर प्रकरणं मी मित्रांना रंगवून सांगितली. ही त्यांच्यापैकी कुणालाच सांगितली नाही.

आषाढ होता. समुद्रातली मासेमारी बंद, त्यामुळे तोंडवलीच्या बाजूच्या गावांत खाडीतलीच मासळी येत होती. मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी. त्या सकाळी रुग्णालयातून फोन आला: एका घरातली चौघं उलट्यांनी अत्यवस्थ. आदल्या दिवशी खाडीतल्या शेंगटी माशाचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, जेवली होती. शेंगटी विकणारी बाई विधवा, गावात सगळ्यांच्या ओळखीची. मी पोलीस पाटलांना फोन केला, "तिची मासळी तूर्त कुणी घेऊ नये, असं गावात कळवा." मग तिला ठाण्यात आणवून बाकावर बसवलं.

"सायबानू, तीच शेंगटी माझ्या घरात रांदली. आमका कोणाक काय एक जावक नाय."

"चौकशी होऊ दे, मावशी," एवढंच मी म्हणालो.

दुपारपर्यंत मोबाइलवर मजकूर फिरू लागला: खाडीत विष घालून मारलेले मासे, विकणारी अटकेत. संध्याकाळी तिच्या अंगणात जमाव जमला. आत दाराला कडी घालून तिची सून एकटी. आम्ही पोहोचलो तेव्हा टोपल्या मोडून झाल्या होत्या आणि कुणीतरी दारावर लाथा घालत होतं. पाच मिनिटं उशीर झाला असता तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरा करत नाही.

दोन दिवसांनी आजारी माणसं बोलू लागली. त्याच जेवणात रानातून आणलेली अळमी, म्हणजे पावसाळी अळंबी, होती. डॉक्टरांचा अहवालही तोच आला: बाधा अळमीची, मासळीच्या नमुन्यात दोष नाही.

मग अफवा कुणाची, याचा तपास लावला. एकेकाला बोलावून मोबाइल समोर ठेवायला लावला. मला तिच्या धंद्यातल्या कुणाचातरी संशय होता.

"तुला कुणी पाठवलं?"

"मेव्हण्यान धाडल्यान," रिक्षावाला म्हणाला. "तसो तो खोटा बोलता, पण असल्या बाबतीत नाय."

मेव्हण्याकडून दुकानदार, दुकानदाराकडून आणखी दोघं. शेवटी पोलीस पाटील समोर उभे राहिले.

"साहेब, रागावू नका. पहिला मजकूर माझा. 'ठाण्यातून सूचना, हिची मासळी घेऊ नये.' विष मी लिहिलं नाही. लोक विचारायला लागले, पोलीस उगाच कशाला सांगतील?"

ते गेल्यावर मी ठाणे दैनंदिनी, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, उघडली. फोनची नोंद माझ्याच अक्षरात होती. त्या सगळ्यांत मला खोटारडा एकही सापडला नव्हता. कारण न देता मी जी जागा मोकळी सोडली होती, ती प्रत्येकाने आपल्या भीतीने भरली होती. आणि मी बाईला दिवसभर बाकावर बसवून त्यांना पुरावाही दिला होता.

तपासाच्या कागदावर मी लिहिलं: मूळ अज्ञात.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खुलासा लावला, की या बाईची मासळी विषारी नाही. त्याखाली उभा असलेला एकजण म्हणाला, "पोलिसांक कागद लावचो लागलो, म्हणजे कायतरी आसतलाच."

पोलीस पाटलांकडून फोनचं कळल्यावर बाई ठाण्यात आली. "कागद कोण वाचता? देवळात गाऱ्हाण्याक सगळो गाव आसता. थंय येवा आणि सांगा, फोन मी केललो म्हणान."

गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर गावाने आपलं मागणं मांडणं. तिथे खोटं बोलायला माणूस कचरतो. मी बंदोबस्ताचं कारण सांगून गेलो नाही. तिची टोपली गावात परत कुणी उतरवून घेतली नाही. ती दूरच्या बाजारात बसू लागली.

स्वेच्छानिवृत्तीनंतर गेल्या वर्षी मी त्या गाऱ्हाण्याला उभा राहिलो. फोन माझा, चूक माझी, हे सगळ्यांदेखत सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. बाहेर पडताना एका म्हाताऱ्याने माझा हात धरला. "सायब, तुमी भले माणूस. बायेक वाचवक सगळा आपल्यार घेतलात."

मी तसाच तिच्या बाजारात गेलो. गावात काय झालं ते सांगितलं. तिने शेंगटी बांधून दिली.

भीती एकदा मनात शिरली की खरं कळूनही ती जात नाही, असं मी लोकांबद्दल म्हणत आलो होतो. डॉक्टरांचा अहवाल मी स्वतः वाचला होता, त्यावर सही केली होती. तरी घरी पिशवी सोडल्यावर ती शेंगटी मी आधी नाकाशी धरली.